अजून मिरच्या

१९६६ च्या उन्हाळ्यात बर्था मनाच्या आजाराच्या इस्पितळातून आमच्या अंधेरीच्या गावठाणात परत आली, तर लोकांनी आपापली पोरं घरात ओढली. वाघीण सुटली होती काय? तिच्या नवऱ्यानं, मार्कसनं, तिला बजावलं होतं, "रडलीस तर परत नेऊन ठेवतील." म्हणून ती दिवसभर दगडासारखी बसून असायची.

गावठाणातल्याच ल्युसीनं तिला आमच्याबरोबर मसाला कुटायला आपल्या अंगणात बोलावलं. एका उखळीत तिघींची मुसळं पाळीपाळीनं पडतात. एकीचं चुकलं की दुसरीला लागतं.

"तिच्या हातात मुसळ देतेस?" शेजारीण ओरडली.

"आजारी होती ती, आंधळी नाही," ल्युसी म्हणाली आणि तिला माझ्या बाजूला उभं केलं.

बर्थाचा ठेका एकदाही चुकला नाही. मिरचीचा खकाणा उठला, आमच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि बर्थाही रडू लागली. आधी हळू, मग हुंदके देऊन, पण मुसळ न थांबवता. अख्खं अंगण रडत होतं. तिला गप्प करणार कोण?

मसाला कधीच कुटून झाला होता. ल्युसीनं उखळीत पाहिलं, बर्थाकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "अँजेलिना, अजून मिरच्या आण गं."