बाकाखाली हात घालणाऱ्या ईश्वरदासचा रंधा

मित्रांनो, नाक मुरडू नका. कोनाड्यात धूळ खात पडलेला हा लाकडी ठोकळा म्हणजे मी, एक जुना रंधा. पाते गंजले आहे, पण तोंड अजून शाबूत आहे. त्यामुळे बोलणार.

गोंदियाकडच्या प्रतापगडाजवळ एका खेड्यात बिसराम सुताराने मला घडवले. दोन पावसाळे वाळवलेल्या धावड्याच्या लाकडाचा मी. नांगर, बैलबंड्या, दाराच्या चौकटी, सगळे माझ्या पोटाखालून गेले. पुढे त्याच्या मुलाने, ईश्वरदासने, मला हाती धरले. १९४९ साली ईश्वरदास ख्रिस्ती झाला आणि गावाने त्याला काम देणे बंद केले. भांडण कुणी केले नाही. नुसते लोक त्याच्या दारावरून पुढे जात.

पाच वर्षे अशीच गेली. मग त्याच्या पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, ओळखीतून एक पत्र आले. आफ्रिकेत दारेस्सलामला एक ठेकेदार शाळा बांधत होता आणि त्याला सुतार हवा होता.

"कायले जाऊन राहिलास समुद्रापार?" बिसरामने विचारले. "तुझा देव इथं नाही का?"

"देव इथं आहे, बा. काम नाही."

ईश्वरदासने बायकोला, धुरपताला, दोन महिन्यांत खुशालीचे पत्र धाडतो असे सांगितले, झोपलेल्या दोन पोरींच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि मला पिशवीत घातले. छोट्या रेल्वेगाडीने गोंदिया, तिथून मुंबई, मग जहाज. जहाजात त्याला इतक्या उलट्या झाल्या की पिशवीत असूनही मला त्याची कीव आली.

उतरलो तेव्हा ठेकेदार आजारी पडून मायदेशी गेला होता आणि शाळेचे काम थांबले होते. ईश्वरदासला तिथे राहायची परवानगी फक्त तीस दिवसांची होती. तेवढ्या मुदतीत कुणी कामावर ठेवल्याचे लेखी पत्र दिले तर ठीक, नाहीतर परतीचे जहाज. परतून करायचे काय? गावात काम नव्हतेच, आणि आता हसायला सगळे मोकळे होते.

तो रोज सकाळी निघे आणि दारोदार फिरे. चोरीच्या भीतीने मला सोबतच ठेवी. बाविसाव्या दिवशी एका फर्निचरच्या कारखान्यात मूळच्या हिंदुस्थानी मालकाने फळी पुढे टाकली. मी असा चाललो की ढलपी कुठेच तुटली नाही. मालक खूश झाला. म्हणाला, "कल से आओ. छुट्टी जुम्मे को. इतवार को माल जहाज पर चढ़ता है, उस दिन आना पड़ेगा."

"इतवार को नहीं होगा," ईश्वरदास म्हणाला. "प्रार्थना रहती है."

"तो दूसरा घर देखो."

मित्रांनो, मला इतका राग आला की सांगता सोय नाही. प्रार्थनेने कधी लाकूड गुळगुळीत होते का? घरी बायको आणि दोन पोरी वाट पाहत होत्या, आणि हा शहाणा चालून आलेले काम सोडून निघाला. रस्त्याने तो उरलेले दिवस बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होता. म्हणजे भीती त्यालाही होतीच.

सव्विसाव्या दिवशी रविवार आला. आधीचे रविवार तो खोलीतच प्रार्थना करी; आता हिंदी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनाघराचा पत्ता लागला आणि आम्ही तिथे गेलो. ईश्वरदासने दाराशी चपला काढल्या आणि सरळ जमिनीवर मांडी घातली. आमच्याकडे तसेच बसतात. इथे मात्र सगळे बुटांसकट बाकांवर बसले होते. लोक वळून पाहू लागले. व्यवस्था पाहणारा नंदलाल खाली वाकला.

"भैया, नीचे क्यों बैठे हो? बेंच खाली है."

ईश्वरदास शरमला. तो उठणार, तेवढ्यात त्याची नजर समोरच्या बाकाखाली गेली. बाकाचा मागचा पाय वाळवीने आतून पोखरला होता. वरून रंग तेवढा उरला होता, पण खाली वाळवीची माती साचली होती. बाकावर एक म्हातारी आणि तीन लेकरे बसली होती.

"पहले उनको उठाओ," तो म्हणाला.

"प्रार्थना चल रही है," नंदलाल चिडून पुटपुटला. "तमाशा मत करो."

आपले म्हणावे असे ते एकच दार उरले होते आणि तेही बंद व्हायला आले होते. ईश्वरदासने मला बाजूला सारले, बाकाखाली दोन्ही हात घातले आणि कोपरा उचलून धरला. प्रार्थना लांबतच होती. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, घाम माझ्यावर ठिबकला. अखेर आमेन झाले आणि सगळे गाण्यासाठी उभे राहिले. त्याने हात काढताच पाय निखळला आणि बाक धाडकन बसला.

नंदलालने तो पोकळ पाय उचलून पाहिला आणि ईश्वरदासला थांबवून घेतले. दुपारी सगळे बाक उलटे केले, तर सात तसेच निघाले. सोमवारी सकाळी काम सुरू झाले आणि मंगळवारी प्रार्थनाघराकडून कामावर ठेवल्याचे पत्र ईश्वरदासच्या हातात पडले. दोन दिवस शिल्लक होते. तो मला छातीशी धरून रडला, आणि मीही माझा राग गिळला. त्या रविवारी तो कारखान्यात असता तर त्या जमिनीवर बसला नसता, एवढे मला उशिरा का होईना कळले.

तिथे आम्ही सहा वर्षे काम केले. बाक झाले, मग अर्धवट राहिलेल्या शाळेची दारे झाली. याच वर्षी, १९६० साली, आम्ही परतलो. येताना त्याने एक लोखंडी रंधा आणला आणि मी कोनाड्यात गेलो. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे जुने अवजार असेल तर त्याच्या पात्यावर तेलाचे बोट फिरवा. आणि तुमच्या वर्गात कुणी नवखा चुकीच्या जागी बसला, तर त्याला उठवण्याआधी तिथून काय दिसते ते विचारा. आमच्याजवळ त्या दिवशी चारच दिवस उरले होते, आणि तरी त्याने आधी परक्या म्हातारीचा बाक धरला.