सहा मिनिटं पुढे

आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. मी एक जुनं, लंबकाचं, भिंतीवरचं घड्याळ आहे. काच एका कोपऱ्यात तडकलेली, पेटीचा रंग उडालेला, आणि स्वभाव संशयी. तुम्हीही माझ्या जागी चाळीस वर्षं टांगलेले राहिला असतात, तर तुमचंही असंच झालं असतं.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. एक म्हातारा कारागीर आणि त्याची लेक, दोघांनी मिळून मला घडवलं. त्याने चाकं बसवली, तिने तबकडीवर आकडे रंगवले. मला खोक्यात ठेवताना म्हातारा म्हणाला, "हे खोटं बोलणार नाही हं." त्या एका वाक्याचा मला फार अभिमान होता. पुढे तोच अभिमान मला नडला.

मला एका मोठ्या संस्थेच्या बैठकीच्या दालनात लावलं. निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी तिथे येत. गोल टेबल, तेवीस खुर्च्या, झाकण घातलेले पाण्याचे पेले, कानाला लावायची यंत्रं, आणि मागे काचेच्या दोन खोल्यांत बसलेले दुभाषे. मोबाईल दाराशीच एका लाकडी पेटीत काढून ठेवावे लागत. लढाईत अडकलेल्या माणसांपर्यंत औषधं, पाणी, धान्य कसं पोचवायचं, याची बोलणी या दालनात होत. इथला नियम असा, की सगळे कबूल असतील तरच ठराव मंजूर. एकाने जरी "हरकत" म्हटलं, की सगळं मुसळ केरात.

माझी देखभाल किल्लीकाका करत. ते तिथले शिपाई. दर सोमवारी सकाळी ते स्टूल घेऊन येत, माझी पेटी उघडत, किल्ली देत आणि "काय म्हणतोस, म्हाताऱ्या?" असं विचारत. सगळ्या जगात माझा भरवसा होता तो त्यांच्या हातांवर.

बाकीच्यांचं मी काय सांगू! भिंतीवरून माणसाचं खरं रूप दिसतं. ज्यांना काम व्हायला हवं असतं, ते माझ्याकडे बघतच नाहीत, कागदात डोकं खुपसून बसतात. ज्यांना नुसता वेळ काढायचा असतो, ते दर पाच मिनिटांनी माझ्याकडे बघतात. सगळ्यात जास्त बघायचे ते 'विचारून सांगतो' साहेब. हे नाव मीच ठेवलेलं. त्यांनी उभ्या आयुष्यात कधी "नाही" म्हटलं नाही आणि "हो"ही म्हटलं नाही. काहीही विचारा, चष्मा पुसत म्हणणार, "विचारून सांगतो." ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

नदीवरचा एक पूल त्यांच्या सरकारच्या ताब्यात होता. पलीकडे वेढा पडलेलं शहर, आणि तिथे मुलांचं रुग्णालय. मदतीचे ट्रक पुलावरून जाण्याची परवानगी सहा महिन्यांची असायची, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला ती संपायची. त्याआधी या दालनात ठराव करून ती वाढवावी लागे. शेवटच्या दिवशी नव्या ठरावाचा हुकूम आल्याशिवाय फाटक उघडत नसे; तो येऊन सहाच्या आत पहिलं चाक पुलावर आलं, तर सगळा ताफा जाऊ द्यायचा. नाही आलं, तर फाटक बंद, आणि पुन्हा अर्जापासून सुरुवात.

मदतकार्याच्या बाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या वहीचं पहिलं पानही कोरं होतं. हुशार, पण माणसांवर विश्वास ठेवणाऱ्या. परवानगीचा शेवटचा दिवस होता. साहेबांनी सकाळपासून एकेका शब्दावर घोळ घातला होता. सहाला पाच कमी असताना तेच अगदी गोड आवाजात म्हणाले, "एवढी घाई कशाला? आपली जुनी रीत आहे. घड्याळ थांबवू या. नियमाप्रमाणे या भिंतीवरचं घड्याळच खरं. ते पुढे गेलं नाही, तर मुदत संपलीच नाही!"

सगळे हसले. बाईंनाही हायसं वाटलं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. दिवसभर वेळ मातीत घालणारा माणूस शेवटी वेळेच्या बाबतीत इतका उदार कसा? पण मला विचारतो कोण! अध्यक्षांनी खूण केली. किल्लीकाका स्टुलावर चढले आणि त्यांनी माझा लंबक हाताने धरला.

मित्रांनो, तो अपमान मी विसरलेलो नाही. मी पाच पंचावन्न दाखवत राहिलो आणि बाहेर अंधार पडला. दीड तासाने ठराव मंजूर झाला. कागदावर वेळ लिहिली, पाच पंचावन्न. टाळ्या वाजल्या. माझ्याखाली उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. अध्यक्ष म्हणाले, "या घड्याळाने आज शहर वाचवलं!"

मग दारातून एक चिठ्ठी आली. पुलाच्या फाटकाशी चौदा ट्रक घेऊन एक परिचारिका उभी होती. तिने कळवलं होतं: चौकीवरच्या अंमलदाराने सहाच्या ठोक्याला फाटक लावलं. त्याच्या मनगटावरचं घड्याळ कुणी थांबवलं नव्हतं. ट्रक परत फिरवले आहेत.

साहेबांनी चष्मा पुसला. "अरेरे," म्हणाले, "चौकीवर विचारायला हवं होतं."

परवानगी पुन्हा मिळायला अकरा आठवडे लागले. ट्रकमध्ये मधुमेह असलेल्या मुलांसाठी इन्सुलिन होतं. त्या अकरा आठवड्यांत पलीकडच्या रुग्णालयात चार मुलं गेली. बाई दालनात एकट्याच येऊन बसल्या. किल्लीकाका पेले गोळा करत होते.

"काका, चूक माझीच," बाई म्हणाल्या. "मी या भिंतीकडे बघत बसले. पुलाकडे बघायला हवं होतं."

"हात माझा होता, बाई," काका म्हणाले. "लंबक मी धरला."

मी त्या दिवसापासून स्वतःवरही संशय घेऊ लागलो.

मध्ये सात वर्षं गेली. दालनात नवे दिवे आले, नव्या खुर्च्या आल्या. माझ्यावर धूळ साचली. मला काढून अडगळीत टाकायचंही चाललं होतं, पण नियमाच्या पुस्तकात 'दालनातील भिंतीवरचे घड्याळ' असं लिहिलेलं. पुस्तक बदलायला सगळ्यांची संमती हवी, आणि ती मिळणं कठीण! म्हणून मी वाचलो. मला किल्ली द्यायला सोमवारी काका तेवढे यायचे.

नदीपलीकडे पुन्हा लढाई पेटली. तोच पूल, तेच रुग्णालय, तीच सहाची मुदत. बाई परत आल्या, केस पिकलेले. आणि मी पाहिलं, चहाच्या वेळी त्या साहेबांच्या शेजारी उभं राहून हसून बोलत होत्या. झालं! मी म्हटलं, या पण त्यांच्यातल्याच झाल्या. खुर्ची माणसाला विसराळू करते.

पण खरा धक्का मला शेवटच्या दिवशी सकाळी बसला. दालन रिकामं होतं. काका स्टूल घेऊन आले. वार गुरुवार. किल्लीचा दिवस नव्हता. त्यांनी दाराकडे पाहिलं, पेटी उघडली आणि माझा मोठा काटा बोटाने सहा मिनिटं पुढे सरकवला. "काय म्हणतोस, म्हाताऱ्या?" हेही विचारलं नाही. पेटी लावून निघून गेले.

मी संतापलो. काका सुद्धा? वेळ कमी झाला, की नुकसान कुणाचं? बाईंचं. फायदा कुणाचा? साहेबांचा. पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं. चाळीस वर्षं ज्या हातांवर विसंबलो, ते हातही फितूर निघाले असं मला वाटलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. टिकटिक करत बसलो, दुसरं काय करणार!

संध्याकाळ झाली. साहेबांनी पुन्हा तोच खेळ मांडला होता. माझ्या तबकडीवर पाच पन्नास झाले, तसा त्यांनी चष्मा पुसला. "माझी एक सूचना आहे. आपली जुनी रीत..."

"माझी हरकत आहे," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी विचारलं, "बाई, घड्याळ थांबवायला हरकत? पण हे तर तुमच्याच सोयीचं आहे."

"मागच्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं. काका, स्टूल आणू नका. घड्याळ चालू द्या."

दाराशी उभे असलेले काका हललेही नव्हते. साहेबांनी बाही मागे सारली. "पण हे घड्याळ पुढे आहे! माझ्या मनगटावर पाच चव्वेचाळीस झालेत. अजून सोळा मिनिटं आहेत, सावकाश बोलू."

अध्यक्षांनी नियमाचं पुस्तक उघडलं. "साहेब, सात वर्षांपूर्वी तुम्हीच सांगितलं होतंत. भिंतीवरचं घड्याळच खरं."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग त्यांनी ठरावातल्या एका स्वल्पविरामावर बोलायला सुरुवात केली, तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या.

"सहाला चार कमी आहेत. आता एवढंच विचारा, अध्यक्ष महाराज. ज्यांना पूल बंद हवा असेल, त्यांनी हात वर करून हरकत म्हणावं. नोंद होईल, आणि मी बाहेर पत्रकारांना नाव वाचून दाखवीन. पलीकडे एकशे साठ मुलं आहेत. त्यांना कुणी अडवलं, हे एकदा कळू तरी द्या!"

"कुणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघत होतो. "विचारून सांगतो" म्हणायला वेळ उरला नव्हता, आणि "नाही" म्हणायची त्यांना सवय नव्हती. हात टेबलावरच राहिला. अध्यक्षांनी हातोडा आपटला. तेव्हा मी दाखवत होतो पाच अठ्ठावन्न.

आता रीतीप्रमाणे साहेबांनाच दालनातल्या फोनवरून चौकीला हुकूम द्यायचा होता. त्यांनी आकडे फिरवले, पहिल्यांदा चुकले, पुन्हा फिरवले. बोलणं चौकीपर्यंत पोचायला, फाटक उघडायला, पहिला ट्रक हलायला वेळ लागला. सगळे उभे होते. मी सहा वाजवले. त्यानंतरही फोन वाजेना.

फोन वाजला तेव्हा बाईंनीच उचलला. फोनवर पुलावरची परिचारिका होती. इतकी मोठ्याने बोलत होती, की मलाही ऐकू आलं. "बाई, पहिलं चाक पुलावर! अंमलदाराच्या घड्याळात सहाला दोन कमी! सगळे चाललो आम्ही!"

बाई खुर्चीत बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खरी वेळ दाखवत असतो, तर साहेब आणखी सहा मिनिटं बोलले असते. हातोडा पाच अठ्ठावन्नलाच पडला असता, पण खऱ्याखुऱ्या पाच अठ्ठावन्नला. मग हुकूम पोचून पहिला ट्रक हलेपर्यंत सहा वाजून गेले असते आणि फाटक लागलं असतं.

सगळे गेल्यावर काका स्टूल घेऊन आले. बाई अजून दारातच होत्या.

"काका, आज सकाळी दालनात आला होतात म्हणे?"

"किल्ली द्यायला, बाई. सोमवार ना."

"आज गुरुवार आहे."

"असेल," काका म्हणाले, आणि माझा काटा सहा मिनिटं मागे आणला. "वय झालं आता."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी रुमाल काढला आणि माझी काच पुसली, सात वर्षांची धूळ. मग काकांना हात जोडून नमस्कार केला.

मित्रांनो, मला बोलता येत नाही, त्यामुळे काकांची माफी मागायची राहून गेली. पुढच्या महिन्यात ते निवृत्त झाले. किल्ली माझ्या पेटीत ठेवून गेले आहेत. आता सोमवारी कुणाला आठवण झाली तर मिळते, नाहीतर मी मागे पडतो.

तेव्हा माझी एवढीच विनंती ऐका. मोठे व्हाल, मोठ्या दालनांत बसाल. तिथल्या घड्याळाला वेळच्या वेळी किल्ली द्या, धूळ पुसा. पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझ्यावरसुद्धा नको. आधी पुलावर फोन लावा, आणि जो तिथे वाट बघत उभा आहे त्याला विचारा, तुमच्याकडे किती वाजले?