उत्तरेचा वसा

श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा आटोपली की गारखेड्यातल्या त्या सोसायटीच्या बायका सरोजिनीबाईंच्या हॉलमध्ये कहाणी ऐकायला जमत. सरोजिनीबाई व्रतवैकल्यांच्या पक्क्या. शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत पोटात पाण्याखेरीज काही नाही, आणि बोलणं इतकं हळू की त्यांच्यासाठी पंखा बंद करावा लागे. त्यांचा शब्द म्हणजे पोथीतला शब्द, असं सगळ्या मानत. हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

त्या दिवशी समोरच्या मालनबाई चणे चघळत म्हणाल्या, "सरोजिनीताई, दरसाली तीच कहाणी. आमची सून बी पुढचं वाक्य आधी म्हनती. नवं काय नाय व्हय तुमच्याकडं?"

बायका हसल्या. सरोजिनीबाईही हसल्या, पण बोलणं त्यांना लागलं.

त्यांची लेक मृण्मयी नॉर्वेत नोकरीला. आदल्याच संध्याकाळी तिनं तिकडच्या आकाशातल्या हिरव्या उजेडाचा व्हिडिओ पाठवला होता, आणि एका म्हाताऱ्या कोळ्याकडून ऐकलेली दंतकथाही सांगितली होती. तो उजेड म्हणजे घडी घालून ठेवलेला काळ. तो हलला की घड्या सुटतात, आणि खाली उभा असलेला माणूस मागच्या एखाद्या दिवसात जाऊन येतो.

"ऐका बायांनो, उत्तरेच्या देवीची कहाणी," सरोजिनीबाईंनी सुरुवात केली. कोळ्याची त्यांनी कोळीण केली, उजेडाचा देवीचा हिरवा शालू केला. शुक्रवारी निर्जळी राहावं, उत्तरेला तोंड करून मुक्यानं बसावं. देवी प्रसन्न झाली तर शालूची घडी मोडते आणि आपल्या हातून चुकलेली घटका परत देते. हे फळ सांगताना त्यांची जीभ जराशी अडखळली. पण एकीचंही लक्ष फोनकडं नव्हतं. मालनबाईंचे चणे हातातच राहिले होते. ही लेकीनं सांगितलेली गोष्ट, वर मीच भर घातली, एवढं म्हणायचं राहून गेलं. राहून कसलं गेलं, त्यांनी ते गिळलं.

पुढच्या शुक्रवारी भर दुपारी वरच्या मजल्यावरची मोनिका धापा टाकत खाली आली. "काकू, लवकर वर या. आमच्या आत्याबाई चक्कर येऊन पडल्या. शुगर उतरलीय. डॉक्टर फोनवर म्हणतेत, आधी साखर द्या. पण तोंडच उघडंनात. सरोजिनीताईंचा वसा हाय, एवढंच म्हणल्या."

मोनिकाच्या सासूबाई, चतुराबाई, पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड उत्तरेला. कपाळावर घाम, हात थरथरतायत.

"चतुराबाई, हे काय चालवलंय? साखरपाणी घ्या आधी."

"वसा देनारीसंग बोललं तर चालत असंल," चतुराबाई पुटपुटल्या. "मालकासाठी धरलाय, ताई. त्या दिवशी गंगापूरला निघाले. दारातून म्हनले, येतो मग. मी रुसलेली. गुलमंडीच्या दुकानातून साडी बदलून आणायची इसरले म्हनून. या, असं काय माझ्या तोंडातून निघालं नाय. जीपमधीच गेले, वाटंत. मला लई काय नको. त्या दाराशी एकदा जाऊ द्या, बस."

चतुराबाईंचे यजमान रामकिसन गेले तेव्हा भेटायला आलेल्या सरोजिनीबाईंनी याच पलंगाशी बसून गीतेतले चार शब्द सांगितले होते. आता त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या बाईच्या डोळ्यांना डोळा देववेना.

"तो वसा खोटा आहे," त्या म्हणाल्या. "मृण्मयीनं फोनवर सांगितलेली कोळ्यांची गोष्ट. देवी मी घातली, उपास मी घातला. मालनबाई बोलल्या म्हणून."

चतुराबाईंच्या ओठांवर थोडं हसू आलं. "माझी तब्येत बघून म्हनता. तुमी देवाची कहानी खोटी सांगनार नाय, हे मला ठावं हाय का नाय? आन् कोळ्यांची देवी आसली तर काय झालं? ती काय पासपोर्ट बघती?"

सरोजिनीबाईंनी देवाची शपथ घेतली. चतुराबाईंनी मान हलवली. आयुष्यभर जपलेलं खरेपणाचं नाव आता त्यांच्याच आडवं उभं होतं. खरं बोलत होत्या, तर त्या खऱ्या म्हणूनच कुणी ऐकेना.

ओट्यावर भाकरी आणि पिठलं झाकलेलं होतं. या घरी त्या कैकदा आल्या होत्या. इथं पाण्याचा पेलाही कधी घेतला नव्हता. सोवळं, उपास, काही ना काही कारण असेच. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि चतुराबाईंसमोर उभ्या राहून खाल्ला. मग दुसरा. मोनिका बघतच राहिली. तापातही न मोडलेला त्यांचा शुक्रवार मोडला होता.

चतुराबाईंचं हसू हळूहळू मावळलं.

"म्हंजी खरंच बनवली व्हती."

"हो."

 चतुराबाईंनी मोनिकाच्या हातातला पेला घेतला, भिंतीकडं तोंड फिरवलं आणि साखरपाणी घोट घोट प्यायलं. पाठ हलत होती. सरोजिनीबाईंनी हात पुढं केला, पण ठेवायची हिंमत झाली नाही.

"मला क्षमा..."

"जावा ताई, आता," भिंतीकडूनच आवाज आला. "आन् मालनबाईला सांगा. पुढल्या शुक्रवारपासून ती बी धरनार हाय. तिचा इंद्रजीत लहानपनी गेला, तुमाला ठावंच हाय."

ते त्यांना ठाऊक होतं. कहाणी सांगताना आठवलं नव्हतं.

खरकटा हात तसाच घेऊन त्या जिना उतरल्या. मालनबाईंच्या दाराची बेल दाबली आणि मनात म्हणाल्या, घरात कुणी नसू दे. आतून चपलांचा आवाज जवळ येत होता.