पातेल्याला भोक पडेपर्यंत

खट्.

बस्स, एवढंच. बांधावर जमलेल्या शेजाऱ्यांनी कानांतली बोटं काढली, आणि थोरला दीर इतका हसला की त्याला ठसका लागला.

"हिच्या भरवशावर मका राखायचा? डुकरांनी निम्मं रान लोळवलंय. आत्ताच कापून वैरण करू!"

"दिवस मावळेपर्यंत थांबायचं ठरलंय, भाऊजी," धाकटी सून म्हणाली.

ठरलं होतं ते असं. मक्याच्या कडेला खांबावर टांगलेल्या पातेल्याला तिनं बंदुकीनं भोक पाडलं, तर मका उभा राहील आणि राखण तिची. नाहीतर विळा. मका तिनं पेरलेला, तिनंच खुरपलेला. कणसांत आता कुठं दूध भरत होतं. बंदूक सासऱ्याची, चकमकीची, त्याच्याहूनही म्हातारी. त्याला आता पातेलं काय, खांबही दिसत नव्हता. तोंड मात्र शाबूत होतं. बंदुकीची दारू कुणाच्या हाती द्यायचा नाही. ती मोजणार तो, नळीत ओतणार तो. बाकीचं धाकटीनं करायचं.

"गारगोटी हलतेय!" नुसतं खट् ऐकून सासरा खाटेवरून ओरडला. दारूच्या शिंगाच्या मापावर अंगठा दाबून तो ती मूठ हवेत नाचवत होता. "बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात तशीच आवळलीस ना? चामड्यात गुंडाळ! घट्ट बसली की ठिणगी पडते."

"आता चामडं कुठून आणू, मामंजी?"

थोरल्याच्या वहाणा बांधावर होत्या. दोन.

विळाही तिथंच होता.

दीड.

"माझी वहाण!"

"वैरणीसाठी आणलेला विळा, भाऊजी. कामाला आला."

शेजारीण पदर तोंडात कोंबून खाली बसली. धाकटीनं गारगोटी गुंडाळली, पेच आवळला, नळीच्या बुडाशी असलेल्या वाटीत आपल्याकडच्या पुडीतली चिमूटभर रंजक, पेटवणीची बारीक दारू, टाकली, नेम धरला.

फुस्!

वाटीत जाळ झाला, भुवई थोडी करपली, नळी गप्प.

"नळी समोरच ठेव!" सासरा गरजला. "लगेच डोकावशील तर डोकं घालवशील! थांब. जरा थांब. आता कान साफ कर, काजळीनं बुजला असेल."

कान म्हणजे वाटीतला जाळ नळीत नेणारं बारीक भोक. धाकटीनं केसातली पिन काढली, अंबाडा पाठीवर सुटला. तिनं भोक कोरलं, फुंकलं. पुन्हा रंजक. पुन्हा नेम.

फुस्!

"झालं!" थोरला एका पायात वहाण घालून नाचला. "नळी मेली! विळा द्या इकडं!"

धाकटी थांबली. मग वाटी पुसून घेऊन ठासायचा गज नळीत सोडला. भरलेल्या नळीत तो जिथवर बसतो तिथं खूण होती; खूण आत बुडाली. गोळी तळाला टेकली होती. खाली दारूच नव्हती.

तिनं सासऱ्याकडं पाहिलं. त्याच्या मुठीकडं.

"मामंजी," ती त्याच्या कानाशी लागली, "मूठ उघडा."

त्यानं अंगठा उचलला. माप काठोकाठ भरलेलं.

"अगं बाई," सासरा पुटपुटला. मग बांधाला ऐकू जाईल असं, "परीक्षा घेत होतो!"

"कळलं, कळलं," ती ओठ चावत म्हणाली. आता हसली असती, तर म्हातारा रुसला असता आणि मका गेला असता. अडकलेली गोळी काढायला पिनेच्या टोकानं तिनं रंजकीचे दाणे नळीच्या कानातून आत ढकलले, आणखी ढकलले, चाप ओढला.

पुक्.

गोळी नळीतून निघाली आणि ढेकळांत घरंगळली. बांध लोळायला लागला. शेजारी एकमेकांच्या पाठी बडवत होते. थोरला डोळे पुसत मक्याकडं निघाला, विळा घेऊन.

"आधी दारू!" सासऱ्यानं स्वतः माप ओतलं. "गोळी घाल, ठास. गज बाहेर काढ, नाहीतर तोच उडेल! जाळ दिसला तरी हलू नको, गोळी मागून येते. बाजूला व्हा रे!"

थोरला उडी मारून तिच्या मागं आला.

सूर्य खांबाला टेकलेला. धाकटीनं श्वास धरला. जाळ झाला. ती हलली नाही.

धडाम!

धूर. पातेलं जसंच्या तसं. आणि मका हलला, फुगला, फाटला, आणि आतून डुकरं! दिवसभर तिथंच झोपलेली! मादी, तिच्यामागं पिल्लं, शेपट्या वर, बांधावरून, खाटेखालून, शेजारणीच्या घागरीवरून, ओढ्याकडं पसार. थोरला राखणीच्या मचाणावर कधी चढला ते कुणी पाहिलं नाही. वहाण खालीच राहिली. एक पिल्लू ती चघळत बसलं.

"भोक कुठंय?" तो वरून ओरडला. "पातेल्याला भोक दाखवा!"

"खाली या, दाखवते."

थोरल्यानं पिल्लाकडं पाहिलं. पिल्लानं थोरल्याकडं.

"राहू दे मका!" तो म्हणाला. "पण याला हाकला!"

सासऱ्यानं खांबावरचं पातेलं चाचपून काढलं आणि धाकटीच्या हातात दिलं. "नाच मग करा. आजच्या आज गरम पाण्यानं नळी धुवायची, कोरडी करायची, तेल लावायचं. नाहीतर उद्या गंज."

धाकटीनं पातेलं उजेडाकडं धरून पाहिलं. कुठंच गळणार नव्हतं.

"भाऊजी," तिनं वर हाक मारली, "उतरलात की पाणी ठेवा."