देवबागच्या हॉटेलातलं गाऱ्हाणं

काशीबाई रागावली की मसुऱ्यात माडावरची शहाळी गळून पडतात, असं सांगतात. खोटं आहे ते. पडतात ते सुके नारळ. शहाळी नुसती आतल्या आत आंबतात. पण त्या दिवशी देवबागच्या हॉटेलात ती जी भडकली, त्यामुळे खाडीतल्या होड्यांनी तोंडं समुद्राकडे फिरवली, हे मात्र अगदी खरं.

पुण्याच्या एका संगीत गुरुकुलाने कोकणातली गुणी पोरं निवडून त्यांना फुकट शिकवायचं ठरवलं होतं. निवड देवबागला. काशीबाई भावाच्या मुलीला, अक्षयाला, घेऊन एसट्या बदलत आली, मांडीवर पखवाज. अक्षयाचा बाप दत्ताराम दशावतारात वाजवायचा. त्याच्या शेजारी बसून पोरगी अशी तयार झाली होती, की ती वाजवायला बसली की गोठ्यातली गायसुद्धा समेवर शेपटी आपटायची. बापाकडे होतं तेवढं तिने घेऊन संपवलं होतं. पुढचं सांगणारा गुरू मसुऱ्यात कुठून आणायचा?

हॉलच्या दारात संयोजक गुरुप्रसाद उभा होता. मूळचा कुणकेश्वरचा, पण पुण्याचं पाणी प्यायल्यापासून मालवणी विसरलेला.

"काकू, हिच्या परीक्षा किती झाल्यात?"

"काकू कोण रे? तुझी आवस माका काशीबाय म्हणता! पाचवी पास आसा चेडू."

"शाळेच्या नव्हे हो, पखवाजाच्या. मान्यता असलेल्या वर्गातून परीक्षा दिलेल्या लागतात. त्याशिवाय आत निवडीला बसलेल्या गुरुकुलाच्या मॅडम ऐकणार नाहीत."

"असलो वर्ग खंय आसा?"

"कोल्हापूरला. नाहीतर पणजीला."

"म्हणजे शिकलेल्यांका शिकवूक इलास तुमी?"

"नियम आहे, काकू. बाजूला व्हा."

ओसरीवर अशीच परतवलेली बरीच पोरं होती. पेटी कवटाळून बसलेला देवगडचा शाहीद होता, पायात चाळ बांधून आलेली पूजा होती. त्यांचे आईबाप कुणाशी न भांडता, मान खाली घालून चपला शोधत होते. त्या झुकलेल्या माना बघून काशीबाईच्या मस्तकात तिडीक गेली. तिने दारातच हात जोडले आणि खणखणीत आवाजात देवाला गाऱ्हाणं घातलं. या मुलखात गाऱ्हाणं सुरू झालं की हजर असलेल्या माणसाला होकार द्यावाच लागतो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ओसरी एका सुरात उठली.

"ह्या चेडू तुझ्या पायाशी इलाहा. शिकूक मागता, भीक मागणा नाय!"

"व्हय म्हाराजा!" ट्रे घेऊन चाललेला वेटरही थांबला.

"तानेल्याक हे शाणे सांगतत, आदी पाणी पिऊन ये!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण ह्या पोरांच्या आड येत, तेचो आवाज कायमचो बसांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज गुरुप्रसादचा होता. झब्बा पुण्याचा असला तरी कान कुणकेश्वरचे. आपण कशाला होकार दिला हे त्याला बोलून झाल्यावर कळलं आणि त्याचा हात गळ्याकडे गेला. देवापुढे दिलेला होकार परत घेता येत नाही.

"काय गोंधळ आहे?" आतून मॅडमनी विचारलं.

"मॅडम," त्याचा आवाज आताच घोगरा झाला होता, "हिला ऐका. निदान माझ्यासाठी ऐका."

अक्षयाने पखवाजाच्या डाव्या तोंडाच्या पुडीला आवाज भरावा म्हणून कणीक लावली आणि पहिली थाप मारली. भिंतीवरच्या एसीने थंड हवा सोडायची थांबवली. वाजवून संपलं तेव्हा मॅडमच्या मांडीवरचा हात ताल धरून तसाच राहिला होता.

"हिला आम्ही नेतो," त्या म्हणाल्या. "आत्या, आता खूश ना?"

"खूश?" काशीबाई कडाडली. "आनि भायरच्यांचा काय?"

"त्यांच्या परीक्षा झालेल्या नाहीत हो."

"हिची खंय झाली हुती?"

मॅडमनी समोरची यादी चाळायला घेतली.

"एकाक उचलून नेतास आनि बाकीच्यांका घरी धाडतास. त्यापरीस तुमचो एक गुरू हयसर येऊन ऱ्हवलो तर काय तेचे पाय मोडतत?"

मॅडमनी गुरुप्रसादकडे बघितलं. तो जागेवर नव्हता. तो ओसरीवर उभा राहून हाका मारत होता, आणि त्याही चक्क मालवणीत, "शाहीदा, पेटी घेऊन भुतूर ये रे! पूजा, तू तेच्या मागसून ये गो!"

काशीबाई दारात फतकल मारून बसली. सगळ्यांचं ऐकून होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. बाहेर मॅडमच्या गाडीने हॉर्न दिला. काशीबाईने मान वळवून नुसतं बघितलं, आणि ड्रायव्हरने खाली उतरून आपल्याच हाताने चारी चाकांतली हवा सोडली.