त्रेचाळिसाव्या मण्यापाशी

हळू धरा मला, मित्रांनो. मी शंभर मण्यांची एक जुनी मणीमाळ आहे, आणि कुणी जरा ओढले की अजूनही मी दचकते.

पहिलीच्या बाईंनी मला घरी बसून ओवले. दहा लाल मणी, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. पहिलीतली मुले माझ्यावर मोजायला शिकत आणि दुसरीत गेली की माझ्यावरच वजाबाकी करत. दोन वर्गांत मी एकटीच होते. दुसरीच्या बाई वयाने लहान. त्या दारातून डोकावून "ताई, माळ नेऊ का?" असे विचारत आणि उत्तर मिळण्याआधीच मला उचलत. "ने गं बाई, विचारतेस काय!" असे पहिलीच्या बाई म्हणत. तेव्हा मला कसलीच काळजी नव्हती. कौतुकाने चांगलीच शेफारले होते मी.

गेल्या वर्षी, परीक्षा तोंडावर आली असताना, पहिलीतल्या एका मुलीने मला घेऊन चक्क दोरीवरच्या उड्या मारल्या. त्रेचाळिसाव्या मण्यापाशी माझा दोरा विरला. वरून काही दिसत नसे. मोजताना पहिलीच्या बाई डावा अंगठा तिथे दाबून धरू लागल्या. नवा दोरा आणायचे तेवढे राहून गेले.

यंदा शाळा उघडली आणि सूचनाफलकावर एक कागद लागला. मार्गदर्शक शिक्षकाचे एक पद भरायचे होते. निवड होणाऱ्याला दरमहा जादा भत्ता मिळणार होता, आणि इतरांच्या वर्गात बसून त्यांना गुणही द्यायचे होते. पहिलीच्या बाईंची नोकरी अठरा वर्षांची. दुसरीच्या बाईंची आई अंथरुणाला खिळलेली. दोघींनी अर्ज केले, आणि त्या दिवसापासून मी पहिलीच्या बाईंच्या कपाटात गेले. कपाटाला कुलूपही लागले. अंधारात माझा जीव टांगणीला लागला होता.

निवडीच्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब दोघींचे पाठ पाहायला आले. पहिलीचा पाठ झाला, अंगठा जागेवर होता, मी निभावले. मग मुख्याध्यापक म्हणाले, "माळ आता दुसरीत द्या." पहिलीच्या बाईंनी मला पुढे केले. त्यांचे ओठ हलले. सांगा ना बाई, सांगा ना, मी मनात ओरडत होते. त्या तशाच वळल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

दुसरीच्या बाईंनी मला ताणायला एका मुलीला पुढे बोलावले. उड्या मारणारी तीच ती! तिने मला हातात घेतले आणि अंगठा थेट त्रेचाळिसाव्या मण्यावर ठेवला. मी वाचले.

साहेबांना गंमत वाटली. "बाळ, अंगठा तिथेच का गं?"

"तिथं दोरा विरलाय. पहिलीच्या बाई तिथंच धरतात. त्यांना माहितीये."

दुसरीच्या बाईंनी फक्त मागच्या बाकाकडे पाहिले आणि पाठ पुढे चालू केला.

शाळा सुटल्यावर त्या मला घेऊन पहिलीच्या वर्गात आल्या. "ताई, मला सांगायचं तरी."

"सांगणारच होते गं."

"कधी? मणी घरंगळल्यावर?"

"चुकलं माझं," पहिलीच्या बाई म्हणाल्या. त्यांना रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्या जाड दोरा घेऊन आल्या आणि मधल्या सुट्टीत त्यांनी मला नव्याने ओवले. कपाटाचे कुलूपही काढले.

पद कोणाला मिळाले ते सोमवारी कळेल. ज्यांना मिळेल त्या उरलेल्या बाईंच्या वर्गात गुणांचा कागद घेऊन बसतील. माझी झोप उडाली आहे ती त्यामुळेच.

मित्रांनो, एखादी वस्तू कुणाच्या हाती देताना तिची अधू जागाही सांगत जा, आणि ती वेळेवर सांगा. माझा दोरा आता इतका मजबूत आहे की बैलही तोडू शकणार नाही. पहिलीच्या बाईंनी तो दोन्ही हातांनी ओढून दाखवला आहे. तरीही मोजताना दुसरीच्या बाई त्रेचाळिसाव्या मण्यावर अंगठा ठेवतातच.