सुखदेवबुवाची विष ओढणारी थाळी

रविवारी सकाळी धायरीत सुखदेवबुवाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुत्रं चावलेल्या माणसाच्या उघड्या पाठीवर बुवा ओली काशाची थाळी दाबायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि हात काढून घ्यायचा. थाळी चिकटून राहायची!

"इख ओढतीया ती. इख सरलं की आपसूक पडंल. पर सुई टोचून घ्याल तर थाळी कोपती, सांगून ठेवतो!"

रांगेत सर्वांत पुढे संतोष होता. संगणकाच्या कंपनीत नोकरी, कमरेला मोबाइल, कडेवर सहा वर्षांची सृष्टी. तिच्या पोटरीला आदल्या संध्याकाळी भटकं कुत्रं चावलं होतं.

शेजारचे श्रीधरपंत धापा टाकत येऊन पोहोचले. लसीच्या कारखान्यात माहितीपत्रकं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ते चाचरायचे.

"अहो संतोष, आधी दवाखाना."

"जाऊ ना काका, थाळी पडली की. थाळीला साइड इफेक्ट तर नाही! आणि पोटात चौदा इंजेक्शनं सृष्टीला झेपतील का?"

पंतांना वाटलं, परत फिरावं. आपण कोण सांगणारे? पण पोटरीवरच्या जखमेत नुसती हळद भरलेली दिसली, आणि त्यांनी सदरा काढला.

"बुवा, आधी मला लावा."

"तुमाला कवा चावलं?"

"कधीच नाही. कुत्री मला ओळखही दाखवत नाहीत."

लोक हसले. बुवा मागे सरला, तेव्हा पंतांनी थाळी भिजवून संतोषच्याच हातात दिली. त्यानं दाबली. चिकटली!

"जुनं इख आसंल. ल्हानपणीचं," बुवा म्हणाला.

"असेल. आता बुवांना लावा."

बुवा नको नको म्हणेपर्यंत त्याच्या घामट पाठीलाही थाळी चिकटली.

"अगं बाई, बुवालाच चावलंय!" रांगेतल्या विमलाबाई ओरडल्या.

"पाठ ओली, थाळी ओली," पंत चाचरत म्हणाले. "दाबली की मधली हवा निघून जाते आणि बाहेरची हवा थाळीला धरून ठेवते. ओल सुकली की कडेनं हवा शिरते, थाळी पडते."

"मग माणसं वाचत्यात कशी?" रांगेतल्या भीमरावानं विचारलं.

"चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं. वाचलेल्यांची नावं बुवा सांगतात. गेलेले तक्रार करायला येत नाहीत. संतोष, एकदा रेबीजची लक्षणं दिसली की डॉक्टरही हात टेकतात. लस त्याआधीच हवी. पोटातली चौदा गेली आता. जखमेत एक औषध टोचतात आणि दंडात चार-पाच वेळा लस. सरकारी दवाखान्यात फुकट. माहितीपत्रकात सगळं छापलेलं असतं, कोणी वाचत नाही."

संतोषनं नळाखाली सृष्टीची पोटरी साबणानं धुवायला घेतली. ती भोकाड पसरून रडली. त्यानं हात थांबवला नाही.

"रविवारी दवाखाना उघडा आसतो का?" भीमरावानं हळूच विचारलं.

मोठ्या सरकारी दवाखान्यातला तातडीचा विभाग रविवारीही उघडा असतो. कुत्रं चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबणानं धुवा, त्याच दिवशी लस घ्या, सगळे डोस पुरे करा. शंका आली तर डॉक्टरांना विचारा. विचारायची लाज वाटली, तरी विचारा.